कर्कटक

बावीस वर्षं मी संरक्षणशास्त्र शिकवतो
अशोक चौकाजवळच्या रात्रीच्या कॉलेजात.
शहराचा नकाशा एकच, महापालिकेनं रद्दीत काढलेला.
शिपाई रेवणसिद्ध तो दोन खिळ्यांवर चढवतो
आणि स्टेशनावर फुंकर मारतो,
तिथं धूळ जास्त बसते म्हणतो.

प्रतिरोधन हा शब्द मुलांच्या तोंडात बसत नाही.
मी सांगतो, धाक.
शेजारी दगड उचलत नाही,
कारण तुझ्याही ओसरीवर दगड आहे.
इथवर कळतं.
पुढं किलोटन येतात आणि मुलं खिडकीतून
टॉवेल कारखान्याची सुटलेली पाळी बघत बसतात.

म्हणून मी कर्कटक काढतो.
पितळी टोक सात रस्त्यावर टेकवतो, म्हणतो,
समजा.

पहिलं वर्तुळ: पार्क चौक, नवी पेठ, भुईकोट.
यात शिकवण्यासारखं काही उरत नाही.
दुसरं: साखर पेठ, दाजी पेठ, सिद्धेश्वराचं तळं,
तळ्यातलं पाणी.
तिसरं: जुळे सोलापूर, भाजणं, काचा,
माझा फ्लॅट, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत.
चौथं वाऱ्यावर. वारा पश्चिमेचा धरला
तर अक्कलकोट रोडचे सगळे माग.

एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"विमान येईना झालंय आपल्याकडं,
हे बरं वेळेवर येलालंय."
सगळे हसले.
मी हजेरी घेतली.

यंदा परीक्षेत विचारलं:
विश्वासार्ह किमान प्रतिरोधन स्पष्ट करा. गुण दहा.
नागमणी इराबत्ती, दिवसा टॉवेलांच्या कडा शिवते,
तिनं लिहिलं:

"किमान हा शब्द आमच्या घरात रोज येतो.
आई विड्या वळते. हजाराला किमान दर ठरलेला आहे.
हातात किती पडतो ते आई सांगत नाही.
म्हणजे किमान किती, हे ज्याच्या हातात वजन तो ठरवतो.
आता विश्वासार्ह. समोरच्याला खरं वाटलं पाहिजे
की वेळ आली तर आपण करू.
सर, आपण करू असं मला खरं वाटत नाही.
मग माझ्यामुळे देश कच्चा पडतो का?"

प्रथम वापर नाही, याचा उल्लेख नाही.
पाणबुडी नाही, आण्विक त्रिकूट नाही.
मी सहा दिले.
रात्री उठून साडेसहा केले.

पेपर वाटले त्या दिवशी ती नकाशापाशी थांबली.
"सर, सात रस्ता कुटं हाय ह्यात?"

तिथं भोक होतं.
शर्टाच्या बटणाएवढं, कडा काळ्या पडलेल्या,
पलीकडं भिंतीचा पिवळा चुना.
कुणाचंही काही येऊन पडायच्या आधी
एक अख्खा चौक मी एकट्यानं, दरमहा पगार घेऊन,
उडवला होता.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या मागावरची खळ
पावडरीच्या डब्यातून घेऊन आली,
आणि टॉवेलाच्या कडेची एक पांढरी चिंधी.
रेवणसिद्धनं नकाशा पालथा धरला.
"मागनं लाव, पोरी. पुढनं ठिगळ दिसतंय."
तिनं पुढूनच लावलं.
एक धागा लोंबत राहिला, मोदीच्या बोगद्यापर्यंत.

मी पेन पुढं केलं. नाव लिही म्हणालो.
"वाळू दे की ओ, सर."

घंटा झाली. बाक भरले.
विषय: प्रत्युत्तराचा दुसरा हल्ला.
सवयीनं कर्कटक उघडलं, टोक टेकवलं.
खळ ओली होती.
टोक घसरलं, थेट तळ्यात गेलं.
मुलं हसली, मीही थोडा.
नागमणी हसली नाही, वही उघडून बसली होती,
तारीख घालून, समास सोडून.

मी टोक रुमालानं पुसलं
आणि म्हणालो, समजा